बिनमिठाची पंगत

एखाद्याला उपाशी ठेवून छळणारी माणसं पुष्कळ असतात, पण पौष्टिक खायला घालून घालून एका जिवाला उपाशी ठेवणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात एकच निघाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. नुसता साडू असता तर लग्नकार्यात भेटलो असतो, "काय, कसं काय" म्हणून आपापल्या वाटेनं गेलो असतो. पण दोघी बहिणींनी हट्ट धरला आणि पुनावळ्यात एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोर दारं येतील असे फ्लॅट घेतले गेले. बहिणींची हौस भागली, माझं आयुष्य मात्र कायमचं तपासणीखाली गेलं. त्यांच्या दाराची कडी वाजली की आजही माझा हात आपोआप समोरच्या बशीवर झाकण ठेवायला जातो.

साडू चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणारा एक बोटभर पार्ट तिथं तयार व्हायचा. तो बरोबर आहे की चूक हे ठरवणं, एवढंच काम या माणसानं हयातभर केलं. बरोबर असेल तर पुढं, चूक असेल तर लाल बिनमध्ये, शंका असेल तर पिवळ्या. हे सगळं गेटवर ठेवून ते घरी आले असते तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण मंडईत गेले तरी भेंडी उजेडाकडे धरून ती कुठल्या बाजूला कललीय ते बघणार. कलिंगडवाल्याला "हे होल्डवर ठेवा" म्हणून सांगणार आणि तासाभरानं पुन्हा जाऊन त्याच कलिंगडावर टिचकी मारणार. आमच्या वास्तुशांतीला माझ्या बायकोनं जीव ओतून उकडीचे मोदक केले होते. यांनी एक उचलला, शेंडीला धरून गोल फिरवला आणि म्हणाले, "चव उत्तम. कळ्यांमधलं अंतर मात्र सारखं नाही." बायको आत जाऊन रडली. मी बाहेर येऊन भांडलो. तर मलाच सांगतात, "राव, चांगल्याला चांगलं म्हटलंच की मी. चूक दिसूनही गप्प बसलं की पुढं कुणाचा तरी ब्रेक लागत नाही." आता मोदकाला कुठला आलाय ब्रेक! पण या माणसापुढं बोलणं म्हणजे नुसतं घसा कोरडा करून घेणं. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, जिला आम्ही नवरा-बायको दोघंही आक्का म्हणतो, ती शांतपणे पानं वाढत म्हणाली, "तुम्हाला आज कळलं होय? मी लग्न झाल्यापासून पिवळ्या बिनमध्ये आहे."

मग कंपनी बंद झाली. खरं म्हणजे ती दुसऱ्या राज्यात गेली, पण इथं राहिलेल्यांना त्यानं काय फरक पडतो? शेवटच्या दिवशी कुणी भिंतीवरचं घड्याळ घरी नेलं, कुणी खुर्ची, कुणी आठवण म्हणून एखादा पार्ट खिशात टाकला. आमचे साडू संध्याकाळी स्कूटरवरून आले तेव्हा पुढं, पाय ठेवायच्या जागेत, एक कुत्रा अंग चोरून बसला होता. तांबूस रंगाचा, एक कान फाटलेला, तोंडाभोवती पांढरा झालेला, चांगला वयस्कर कुत्रा. हा त्यांच्या गेटवरचा. तिन्ही शिफ्टला हजर, कधी दांडी नाही, म्हणून कामगारांनी त्याचं नाव ओव्हरटाइम ठेवलं होतं. मी डोक्याला हात लावला. साडू म्हणाले, "सगळे गेले राव. गेटला कुलूप लावताना हा एकटाच आत-बाहेर बघत उभा होता. मग काय करायचं? मी म्हटलं, चल." एवढं बोलून त्यांनी त्याला उचलून जिन्यानं वर नेलं, कारण लिफ्टचं दार बघून कुत्रा हटून बसला होता. आक्का दारातच उभी होती. ती काहीतरी कडक बोलणार होती, पण नवऱ्याचं तोंड बघून बाजूला झाली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला आमच्या इमारतीखाली "ओव्हरटाइम! ए ओव्हरटाइम! चल लवकर!" अशा हाका सुरू झाल्या. आमच्याकडे निम्मी बिऱ्हाडं माण-हिंजवडीला कॉम्प्युटरवर राबणाऱ्यांची. आठवड्याभरात सोसायटीचे चेअरमन तक्रार घेऊन आले. "काका, पोरं रात्रभर काम करून झोपतात आणि डोळा लागला की खालून ही हाक. माझ्या जावयाला झोपेत घाम फुटला." साडू होते अंघोळीला, म्हणून आक्कानं त्यांना बसवून घेतलं आणि समोर नाचणीचे लाडू ठेवले. चेअरमननी दोन खाल्ले, वाखाणले, तिसऱ्याला हात घातला, तेवढ्यात साडू टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आले आणि हरखून म्हणाले, "आवडले ना? मग प्रश्नच मिटला. आमचा ओव्हरटाइम नुसता हुंगतो हो." चेअरमन जे गेले ते पुन्हा आमच्या मजल्यावर तक्रार घेऊन आले नाहीत.

पण प्रश्न मिटला नव्हता, तिथूनच सुरू झाला होता. या कुत्र्याचा सगळा जन्म कामगारांच्या डब्यातली चपाती, कॅन्टीनची उसळ आणि टपरीवरचं वडापावचं टोक यांवर गेलेला. साडूंनी ठरवलं की आजवर काहीबाही खाल्लं ते खाल्लं, यापुढं आपल्या घरात चुकीचा घास त्याच्या पोटात जाता कामा नये. झालं. पेट शॉपमधून एक पिशवी आली. साडूंनी ती स्टीलच्या परातीत ओतली, भिंग लावून पिशवीवरची बारीक अक्षरं वाचली, दाणे चिमट्यानं उचलून मोठे-लहान वेगळे केले, एक फोडला, हुंगला, शेवटी तोंडात टाकला आणि संपूर्ण माल नापास केला. दुसरी पिशवी रंगावर नापास, तिसरी वासावर. दुकानदार तरुण पोरगा, पण यांची स्कूटर दिसली की गल्ल्यामागं खाली वाकायला लागला. एकदा सापडला तेव्हा कळवळून म्हणाला, "काका, कुत्र्यानं काही तक्रार केलीय का?" साडू म्हणाले, "तो बोलत नाही, म्हणून तर मी बोलतोय."

मग घरीच शिजवायचं ठरलं. आक्काचा मोठा कुकर जप्त झाला. लाल भोपळा, दुधी, गाजर, नाचणी, तांदूळ, उकडलेलं अंडं, बिनमिठाची कोंबडी, काय काय त्यात गेलं देवाला ठाऊक. सकाळी एक मिश्रण, संध्याकाळी दुसरं, उद्या तिसरं. याला ते ट्रायल म्हणायचे. आणि कुठलाही निकाल एकट्यानं द्यायचा नसतो हा त्यांचा कंपनीतला नियम, त्यामुळे प्रत्येक ट्रायलची एक वाटी दुसरा तपासनीस म्हणून माझ्या दारात यायची. मी विम्याचं काम करतो, घरीच असतो, पळणार कुठं? "मऊ आहे का? चिकटतंय का घशाला?" असं विचारत ते माझ्या तोंडाकडे टक लावून उभे राहायचे. मी वैतागून एकदा म्हणालो, "भाऊ, मी माणूस आहे!" तर म्हणतात, "म्हणूनच विचारतोय. तुम्हाला सांगता येतं." आक्का आमच्याकडे येऊन माझ्या बायकोजवळ बसायची आणि पदरानं डोळे पुसत हसायची. "दोन पोरं वाढवली मी. ती काय जेवली, किती जेवली, कधी विचारलं नाही या माणसानं. यांना फक्त शिफ्ट माहीत. आणि आता कुत्र्याच्या भातातलं शीत नि शीत चाचपतात."

आणि ज्याच्यासाठी एवढं रामायण चाललं होतं, तो ओव्हरटाइम काही खातच नव्हता. हट्ट नाही, गुरगुरणं नाही. ताटली ठेवली की उठून यायचा, हुंगायचा, मान वर करून साडूंकडे बघायचा. साडू हाताची घडी घालून समोर उभे. दोघंही एकमेकांकडे बघत राहायचे. मग कुत्रा वळायचा आणि बाहेरच्या दाराशी जाऊन, दाराकडे तोंड करून बसायचा. रात्री कधीतरी भुकेपोटी चार घास खायचा, तेवढ्यावर जगत होता. दोन महिन्यांत त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. साडूंना वाटे, मिश्रण चुकतंय. ते आणखी चांगलं मिश्रण शोधत. ते जितकं चांगलं करत तितकं तो कमी खाई. माझा तर जीव मेटाकुटीला आला. सांगावं तर ऐकत नाहीत, न सांगावं तर डोळ्यांदेखत तो जीव चाललेला.

शेवटी माझ्या गाडीतून त्याला ताथवड्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. बाईंनी रक्त तपासलं, पोट तपासलं, दात बघितले. म्हणाल्या, "आजार काहीच नाही. वय आहे, पण आजार नाही. रोज अन्न बदलताय ते आधी बंद करा. साधं, बिनमिठाचं, बिनमसाल्याचं एकच काहीतरी ठरवा आणि तेच द्या. पण खाल्लं पाहिजे हो काका. असंच चाललं तर फार दिवस काढणार नाही तो." साडू गाडीत बसल्यावर कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन फाटक्या कानावरून हात फिरवत राहिले. वाटेतल्या सिग्नलला म्हणाले, "राव, आयुष्यभरात एक चुकीचा पार्ट बाहेर जाऊ दिला नाही मी. आणि घरी आणलेला हा एक जीव मला सांभाळता येईना." त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचा राग आला नाही. राग येत होता तेच बरं होतं, असं वाटलं.

दोन दिवसांनी सकाळीच दार वाजलं. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. "राव, चाकणला चला. मास्टर सॅम्पल आणायचंय." म्हणजे, कुठलाही पार्ट जमेना झाला की मूळचा पास झालेला नमुना काढून त्याच्याशी ताडून बघायचं, अशी त्यांच्याकडे पद्धत. त्यांच्या कॅन्टीनच्या आचाऱ्यानं आता चाकणच्या चौकाजवळ खानावळ काढली होती. तिथली मटकीची उसळ हाच मूळ नमुना. "एकदा तरी ती खाऊ दे त्याला," म्हणाले, "मग डॉक्टर काय ओरडायचं ते ओरडू देत." ओव्हरटाइमला गाडीत घालून गेलो. आचाऱ्यानं ओळखलं, पातेल्यातली उसळ दिली, कुत्र्याला हाक मारली. ओव्हरटाइमनं शेपूट हलवली, उसळ हुंगली आणि तोंड फिरवलं. साडू रस्त्याच्या कडेला मटकन बसले. इतके दिवस मिश्रण चुकतंय असं म्हणायला तरी जागा होती, आता तीही गेली. आचारी म्हणाला, "साहेब, याला जरा गेटवर तरी फिरवून आणा. जुनी जागा हाय त्याची."

गेटवर काही उरलं नव्हतं. कुलूप, त्यावर गंज, आत कमरेएवढं गवत. पण समोरचा कडुनिंब होता. ओव्हरटाइम गाडीतून उतरला आणि न चुकता त्या झाडाखाली जाऊन बसला. दुपार झाली होती. शेजारच्या कुठल्यातरी कंपनीचा जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला, तसा त्याचा धड असलेला कान उभा राहिला. मला भूक सहन होईना. मी सरळ झाडाखाली फतकल मारली आणि बायकोनं दिलेला डबा उघडला. चपाती आणि मेथीची भाजी. एक तुकडा कुत्र्यापुढं टाकला. खाल्ला नाही. उठून माझ्याजवळ आला, मी घास खातोय ते बघितलं, शेपूट हलवली. मग मान वळवून साडूंकडे बघायला लागला. साडू हातात उसळीची वाटी घेऊन उभे, हाताच्या घडीऐवजी वाटी, एवढाच फरक. मी खेकसलो, "अहो भाऊ, बसा की आता! सारखे काय डोक्यावर उभे राहता त्याच्या!"

"इथं नाही बसलो मी कधी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"सगळे ऑपरेटर इथं जेवायचे, झाडाखाली. मी आत, तपासणीच्या खोलीत. काचेतून दिसायचे. त्यांनी बोलावलं नाही असं नाही, रोज हाका मारायचे. पण ज्याच्या डब्यातली चपाती खाल्ली, दुपारी त्याचाच लॉट नापास करायचा म्हणजे हात अडतो राव. म्हणून कधी बसलो नाही. पुढं तशीच सवय लागली, घरीसुद्धा." कुत्र्याकडे बघत म्हणाले, "हा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा. सगळ्यांनी घास घेतला की मगच खायचा. मला वाटायचं, चपातीसाठी येतो."

मी अर्धी चपाती त्यांच्यापुढं धरली. ते हळूच, गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. चपाती घेतली, सवयीनं उलटीपालटी करून बघितली. आता कडा जाड आहेत म्हणणार, म्हणून मी दात-ओठ आवळले. काही न म्हणता त्यांनी घास तोंडात घातला. तेव्हा ओव्हरटाइमनं खाली वाकून मघाचा तुकडा उचलला आणि खाल्ला. मग साडूंच्या हातचा खाल्ला. मग त्यांच्या गुडघ्याला टेकून बसला आणि आणखी खाल्ला. साडू घास चावत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "मेथी कडू आहे जरा."

तेव्हापासून आमच्या मजल्यावर रोज दुपारी पंगत बसायला लागली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं एकच अन्न ठरलं, लाल भोपळा, भात आणि उकडलेली कोंबडी, सगळं बिनमिठाचं. पण ओव्हरटाइमला वेगळं भांडं लगेच कळायचं. सगळ्यांच्या ताटात एकाच पातेल्यातलं पडलं आणि सगळ्यांनी घास घेतला तरच तो तोंड लावायचा. त्यामुळे त्यांच्या हॉलमध्ये फरशीवर आम्ही चौघं आणि पाचवा तो, असे ओळीनं बसून तो बेचव, पिवळा गोळा गिळायचो. माझ्या जिभेनं त्या दिवसांत काय सोसलं ते माझं मलाच ठाऊक. मी रोज मनात म्हणायचो, उद्या बाहेरगावी काम आहे म्हणून सांगायचं. आणि रोज दुपारी समोरचं दार वाजायचं, "चला राव, सुट्टी झाली." मी जायचो. कारण आयुष्यात पहिल्यांदा साडू एखाद्या अन्नाला नावं न ठेवता जेवत होते. आणि आक्का त्यांच्या समोर बसून जेवत होती. एकदा हात धुताना ती माझ्या बायकोला म्हणाली, "यांच्याबरोबर बसून जेवायला मिळेल असं वाटलंच नव्हतं गं. मग भोपळा तर भोपळा." ओव्हरटाइम अंगानं भरला. बरगड्या दिसेनाशा झाल्या. लिफ्टमध्येसुद्धा शिरायला लागला.

पण वयाला काही लाल बिनमध्ये टाकता येत नाही. तो पावसाळाभर आणि नंतरची थंडी छान राहिला. उन्हं तापायला लागली तसा थकला. आपलं पान सोडून साडूंच्या मांडीला टेकून जेवायचा, मग त्यांनी भरवलेलं खायचा. एका सकाळी दाराकडे तोंड करून झोपला होता तो उठलाच नाही. साडूंनी त्याला पुढं ठेवून स्कूटर काढली. मी गाडीतून नेऊ म्हटलं, तर नको म्हणाले. मी मागून गेलो. त्या कडुनिंबाखाली त्यांनी एकट्यानं खड्डा खणला, मला फावड्याला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरीच बसून होतो. आता कशाची पंगत, असं म्हणून बायकोनं आमचं साधं जेवण वाढायला घेतलं होतं. तेवढ्यात समोरचं दार वाजलं. साडू. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. म्हणाले, "चला राव. सुट्टी झाली." आम्ही दोघं ताटं तशीच ठेवून उठलो.

फरशीवर चार पानं मांडली होती आणि पाचवी जागा मोकळी होती. भात होता, लाल भोपळाही होता. बसलो. साडूंनी पहिला घास घेतला आणि थांबले. हातातला दुसरा घास त्यांनी नकळत बाजूला, मांडीजवळ धरला होता. थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मग परत पानात ठेवला.

"खारट झालंय," ते म्हणाले.

मी घास घेतला. इतक्या महिन्यांनी आक्कानं भोपळ्यात मीठ घातलं होतं. मीठ अगदी बेताचं होतं, जितकं असायला हवं तितकंच. जन्मभर या माणसाच्या प्रत्येक निकालावर मी तावातावानं भांडत आलो होतो. त्या दिवशी मान खाली घालून म्हणालो, "हो भाऊ. जास्त झालंय जरा."

आक्कानं आमच्या दोघांकडे बघितलं. "उद्यापासून नाही घालत," ती म्हणाली, आणि जेवायला लागली.